आरी

चामड्याचे काम करणाऱ्या कारागिराच्या पेटीत हत्यारांची गर्दी नसते. कातडे कापावयास रापी, ठोकावयास हातोडी, धार लावावयास दगड आणि टोचावयास आरी. या सर्वांत आरी सर्वांत लहान. मुठीत मावणारा लाकडाचा दांडा व त्यातून बाहेर डोकावणारे बोटभर पोलादी पाते, एवढाच तिचा पसारा. तथापि ती नसेल, तर बाकीची हत्यारे असून नसल्यासारखीच. सुई कापडात सहज शिरते. जाड कातड्यापुढे मात्र ती वाकते किंवा मोडते. आधी आरीने वाट करून द्यावी आणि मग त्या वाटेने दोऱ्याने जावे, असा या धंद्याचा नियम आहे.

हा नियम फार जुना आहे. 1991 साली आल्प्स पर्वतात, ऑस्ट्रिया व इटली यांच्या सरहद्दीजवळ, बर्फात गोठलेला एका मनुष्याचा देह सापडला. तो 5,000 वर्षांहूनही अधिक जुना असल्याचे शास्त्रज्ञांनी ठरविले. त्याच्या कमरेच्या पिशवीत गारेच्या हत्यारांबरोबर हाडाची एक आरी होती. खनिजातून लोखंड काढावयास शिकण्यापूर्वीच आरी माणसाच्या हाती आली होती.

आपल्याकडे आरीचा खरा कस लागतो तो कोल्हापुरी चपलेत. पारंपरिक कोल्हापुरी चपलेला खिळा चालत नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेल्या कातड्याचे थर एकमेकांवर ठेवून ते शिवून एकजीव करावयाचे असतात. पुरुषांबरोबर घरातील स्त्रियांचेही हात या कामात राबतात. पट्ट्यावरची नाजूक वेणी बहुधा त्यांच्याच बोटांनी उतरते. 2019 साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांतील कारागिरांच्या कौशल्याचा मान म्हणून. या मानाच्या मुळाशी आरीने पाडलेली असंख्य भोके आहेत.

सगळ्या आऱ्या सारख्या नसतात. गोल टोकाची आरी कातड्याचे तंतू न तोडता बाजूला सारते. चौकडी टोकाच्या आरीला चार धारा असतात. ती तंतू कापीत आत शिरते आणि शंकरपाळ्याच्या आकाराची चीर पाडते. दोरा ओढून घेतला, की ती चीर त्याच्याभोवती मिटते आणि टाके तिरक्या ओळीत नीटस बसतात. कोणत्या कामाला कोणती आरी, हे हातालाच कळावे लागते.

कोल्हापुरात एक वृद्ध कारागीर आपल्या आऱ्या स्वतः घडवीत असत. बाजारात तयार आऱ्या मिळत नव्हत्या, असे नव्हे. पण दुसऱ्याच्या मापाची चप्पल जशी पायाला बोचते, तशी दुसऱ्याच्या मापाची मूठ हाताला बोचते, असे ते म्हणत. त्यांचा बारा वर्षांचा नातू शाळा सुटल्यावर त्यांच्याजवळ येऊन बसे. एके दिवशी त्याने हट्टच धरला, “आबा, माझी आरी मीच करणार!”

आबांनी त्याला एक झिजलेली कानस दिली. कानशीच्या पोलादात सुमारे एक टक्का कर्ब असतो, म्हणूनच ते इतके कठीण होऊ शकते. तशा स्थितीत ते दुसऱ्या कानशीला दाद देत नाही. यासाठी ते लाल होईपर्यंत तापविले, राखेत पुरले आणि रात्रभर निवू दिले. सकाळी ते मऊ झाले होते. त्यातून एक काडी काढून मुलाने ती तीन दिवस घासली. चारही बाजू सारख्या उतरल्या, टोक मधोमध आले. मग पाते पुन्हा भट्टीत गेले. चांगले लाल झालेले पोलाद लोहचुंबकाला चिकटेनासे होते. ती खूण पटताच आबांनी ते तेलात बुडविले. चर्र असा आवाज झाला.

“झाली!” असे म्हणून मुलाने उतावीळपणे ते पाते जाड तळव्यात खुपसले. टच्‌कन आवाज झाला आणि टोक आतच मोडले. तीन दिवसांची मेहनत क्षणात वाया गेली. मुलाचे डोळे भरून आले.

आबा रागावले नाहीत. ते म्हणाले, “बाळा, ती कच्ची नव्हती, फार कडक होती. एकदम निवलेले पोलाद काचेसारखे असते. त्याचा थोडा ताठा उतरवावा लागतो.”

मुलाने दुसरे पाते घासावयास घेतले. या वेळी तेलातून काढलेले पाते घासून चकचकीत केले आणि मंद आचेवर धरले. सुमारे 220 अंशांच्या पुढे पोलादावर गवताच्या वाळल्या काडीसारखा पिवळा रंग चढतो. तो गडद होत तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा होतो. निळे झालेले टोक मऊ पडते. मुलगा श्वास रोखून पाहत होता. पिवळा रंग टोकापर्यंत आला, तसे त्याने आपणहून पाते विस्तवावरून उचलले. मग बाभळीची मूठ त्याच्या तळहाताच्या मापाने कोरली गेली, आणि फुटू नये म्हणून तिच्या तोंडाशी पितळेचे कडे बसले.

आरी हाती देताना आबांनी तिच्या टोकाला बुचाचा तुकडा लावला. ही काळजी उगाच नव्हती. फ्रान्समध्ये 1812 साली खोगिरे व सामान करणाऱ्या एका कारागिराचा तीन वर्षांचा मुलगा वडिलांच्या हत्याराशी खेळत असता ते त्याच्या डोळ्यात घुसले. ते हत्यार आरी होते, असे सांगतात. जखम चिघळली आणि दोन्ही डोळे गेले. तो मुलगा म्हणजे लुई ब्रेल. पुढे वयाच्या पंधराव्या वर्षी, 1824 साली, त्याने उंचवट्याच्या ठिपक्यांची लिपी सिद्ध केली. ते ठिपके कागदावर उठवावयाचे साधन म्हणजे मुठीची एक अणकुचीदार सळईच. टोकदार हत्याराने नेलेली दृष्टी टोकदार हत्याराच्याच साहाय्याने त्याने सहस्रावधी अंधांच्या बोटांत आणून ठेवली.

हत्यार स्वतः ना वाईट, ना चांगले. ते धरणारा हात त्याला अर्थ देतो. तो हात तयार होण्यास वेळ लागतो आणि पहिले पाते बहुधा मोडतेच. त्या सायंकाळी आबांनी नातवाची पाठ थोपटली नाही, की कौतुकाचा शब्द काढला नाही. आजवर ते त्याला सरावासाठी टाकाऊ तुकडे देत असत. त्या दिवशी मात्र त्यांनी गिऱ्हाइकाच्या चपलेचा तळवा त्याच्यापुढे सरकविला आणि म्हणाले, “पहिला टाका तू घाल.”