कुंडलिकेच्या काठचे गड आणि आपले गुडघे

धाटाव म्हटले की लोकांना औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखाने आठवतात. तथापि या गावाची जुनी सोबतीण कुंडलिका नदी आहे. कोलाड, धाटाव, रोहा असा प्रवास करीत ती रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामधून समुद्राला मिळते. एवढ्याशा वाटेत रान, गिरिदुर्ग आणि सागरी तटबंदी असे सारे पाहावयास मिळते. सैन्यातून निवृत्त झाल्यावर मी याच परिसरात स्थायिक झालो आणि अनेक ज्येष्ठांसह या वाटा चाललो. घरोघरी संवाद एकच असतो. आजोबा म्हणतात, "गड पाहायचा आहे." मुलगा म्हणतो, "आता, या वयात?" दोघांचेही म्हणणे मला खोटे वाटत नाही. अडचण वयाची असते त्याहून अधिक आखणीची असते.

पायदळात कोणत्याही हालचालीपूर्वी रेकी होते. घरातील काळजी घेणाऱ्या व्यक्तीनेही ती करावी. गडाचा इतिहास नंतर वाचता येईल. आधी गाडी कोठवर जाते, पायऱ्यांना कठडा आहे काय, सावली कोठे आहे आणि स्वच्छतागृह कोठे आहे, हे विचारून घ्यावे. यांतील शेवटचा प्रश्न संकोचाने कोणी विचारत नाही. मग स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने अनेक ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. काही जण लघवीचे प्रमाण वाढविणारी गोळी परस्पर वगळतात. कोकणच्या दमट उन्हात पाणी टाळणे आणि औषध टाळणे, दोन्ही घातक आहे. गोळीची वेळ बदलावयाची असेल तर डॉक्टरांना आधी विचारावे. मधुमेह असणाऱ्यांनी जेवणाची वेळ चुकवू नये आणि साखर खिशात ठेवावी. ती गाडीत राहिली तर तिचा उपयोग नाही.

रोह्याच्या उत्तरेस अवचितगड आहे. मेढे गावाकडून दाट रानातून वाट वर जाते. उंची सुमारे ३०० मीटर, म्हणजे तरुणांच्या लेखी किरकोळ. परंतु वाट दगडमातीची आहे आणि पाचोळ्यावरून पाय घसरतो. ज्यांना रोज तासभर चालण्याची सवय नाही, त्यांनी या गडाला पायथ्यावरूनच नमस्कार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या एका शेजाऱ्यांनी मात्र नोकरीची सारी वर्षे हा डोंगर दुरून पाहिला होता. वय ७४, हृदयाची शस्त्रक्रिया झालेली. डॉक्टरांची संमती घेऊन ते तीन महिने नेमाने चालले आणि जानेवारीतील एका सकाळी आम्ही निघालो. निघतानाच ठरले होते की दहा वाजता जेथे असू तेथून परतायचे. दहा वाजले तेव्हा दरवाजा अजून वर होता. त्यांनीच घड्याळ पाहिले आणि म्हणाले, "चला, वळा." झाडाखाली बसून आम्ही भाकरी खाल्ली आणि उतरलो. गड पूर्ण झाला नाही याची खंत त्यांच्यापेक्षा त्यांच्या मुलालाच अधिक वाटली! सैनिकाला ठरवून घेतलेल्या माघारीची लाज वाटत नाही.

चालताना सर्वांत संथ व्यक्तीला पुढे ठेवावे. तिची गती तीच साऱ्यांची गती. चढताना एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येत नसेल तर बसावे. उतरताना गुडघ्यांवर चढणीपेक्षा अधिक भार येतो, म्हणून काठी हवीच आणि ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. सोबत्याने चढताना मागे व उतरताना एक पायरी खाली, पुढे राहावे. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, थंड घाम यांपैकी काही जाणवल्यास पित्त समजून वेळ दवडू नये. तेथेच बसवून १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा.

ज्यांना चढण नकोच, त्यांच्यासाठी कोलाडचा नदीकाठ आहे. मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटते, त्यावरच तेथील राफ्टिंग चालते. नातवंडांच्या नावा पाहत सावलीत बसणे मोठे सुखाचे असते. मात्र विसर्गाबरोबर पात्रातील पाणी वाढते, म्हणून पाय बुडविण्यासाठी खडकांवर उतरू नये. मार्चनंतर भिऱ्याकडचे ऊन सोसवत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

नदीच्या मुखाशी रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट आहे. त्याच्या तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून सपाटीवर चालता येते. पलीकडचा कोर्लईचा किल्ला १७४० मध्ये मराठ्यांकडे आला. तेथे वाहनाने दीपगृहापर्यंत जाता येते. पुढे पायऱ्या आहेत. त्या चढवत नसतील तरी खाडी आणि समुद्र दीपगृहाजवळूनही दिसतात. जंजिऱ्याबाबत मात्र सावध राहावे. हलत्या होडीतून किल्ल्याच्या पायरीवर पाय टाकावा लागतो. ज्यांचा तोल जातो त्यांनी राजपुरीच्या धक्क्यावरूनच तो पाहावा.

नदी सोडून तळा तालुक्यात वळलात तर मांदाडजवळ कुड्याची २६ बौद्ध लेणी आहेत. गाडी बरीच जवळ जाते. समोर खाडी, आत गारवा, आणि बसावयास दगडी ओटे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या तेथील दानलेखांत एक माळी आहे आणि सोमदेव नावाचा एक वैद्यही आहे. आत अंधार असतो, तेव्हा विजेरी न्यावी आणि उंबऱ्याशी क्षणभर थांबून डोळे सरावू द्यावेत.