केटी, लेमन आणि माझा रेट

एमए इकॉनॉमिक्सला ॲडमिशन घेतली तेव्हा माझा हिशोब सोपा होता. मी फ्रीलान्स पत्रकार. महागाईवर लिहिते, बजेटच्या दिवशी 'काय स्वस्त, काय महाग'चा रतीब घालते. म्हटलं, दोन वर्षं घालवून हे प्रकरण एकदाचं नीट समजून घेऊ. मास कॉमची डिग्री होतीच. गणिताला मात्र दहावीनंतर टाटा केला होता.

ॲडव्हान्स्ड मायक्रोच्या पहिल्याच लेक्चरला सरांनी फळ्यावर एक ग्राहक आणला. नाव नाही, गाव नाही. फक्त आवडीनिवडी आणि ठरावीक बजेट. मग लॅग्रांज, मग डेरिव्हेटिव्ह, मग कुन-टकर... बिचारा खरेदीला निघाला होता, तास संपला तरी दुकानात पोचला नाही! मॅक्रोत तर कमालच. तिथलं कुटुंब अनंत काळ जगतं आणि आज किती खर्चायचं, किती राखायचं याचा कायमचा हिशोब मांडतं. या मॉडेलचं मूळ फ्रँक रॅम्सीच्या 1928 च्या लेखात. तेव्हा तो 25 वर्षांचा होता. म्हणजे माझ्यापेक्षा लहान. वाचून आणखीच खचले.

रिझल्ट लागला. मॅक्रो कशीबशी सुटली, मायक्रोत केटी. फी सेव्हिंगमधून भरलेली, अभ्यासापायी दोन असाइनमेंट सोडलेल्या. ठरवलं, बास झालं. पुस्तकं रद्दीत.

रद्दीचा गठ्ठा बांधताना एक झेरॉक्स हाती लागली. जॉर्ज अकरलॉफचा 1970 चा लेख, जेमतेम तेरा पानं. तीन जर्नल्सनी तो आधी नाकारला होता. 2001 मध्ये त्याच माणसाला नोबेल मिळालं. अमेरिकेत खराब निघालेल्या गाडीला 'लेमन' म्हणतात. सेकंडहँड गाडी चांगली की लेमन, हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नाही. म्हणून तो सरासरी किंमत देतो. ती चांगल्या गाडीवाल्याला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. मग सरासरी आणखी घसरते.

मी तिथेच जमिनीवर बसले. अरे, ही तर माझीच गोष्ट! नवख्या एडिटरला माझा लेख कसा निघेल हे माहीत नसतं. म्हणून सगळ्यांना सरसकट एकच रेट. चांगलं लिहिणाऱ्या माझ्या मैत्रिणी एकेक करून पीआरमध्ये गेल्या. आणि मी इतकी वर्षं समजत होते, आपलंच लिखाण स्वस्त आहे.

यावर मायकेल स्पेन्सने 1973 मध्ये एक उत्तर मांडलं: डिग्री हा सिग्नल आहे. ती मिळवणं सगळ्यांना सारखंच सोपं असतं, तर तिच्यावरून कुणाची पारख झालीच नसती. त्याच्या साध्या मॉडेलमध्ये शिक्षणाने माणसाची कामाची कुवत तसूभरही वाढत नाही, तरी सिग्नल चालतो. इथे मात्र मला स्पेन्सशी भांडावंसं वाटलं. डिग्री अजून हातात नाही, मायक्रोत नापास आहे; तरी त्या तेरा पानांनी मला माझा धंदा कळला होता.

गठ्ठा सोडला. केटीचा फॉर्म भरला. आणि जुन्या एडिटरना फोन लावला. त्यांना तरी माझं काम माहीत आहे. म्हटलं, ''सर, रेट वाढवायला हवा.''

''बघतो,'' म्हणाले.

खरंच बघणार का, हे त्यांना ठाऊक. मला नाही. अपुरी माहिती, दुसरं काय!