अंगणातली कुत्री

सूरजागड गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात, माडिया गोंडांच्या मुलखात आहे. इथल्या रानगावांत कुत्री घराची राखणदार. पावसात ती पडवीच्या कोपऱ्यात अंग मुडपून निजते. पोटाशी पिल्ले असली, तर वळचणीचे पाणी आपल्या पाठीवर घेते. गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा, वर्षातून दोन वेतेही होतात.

ही वेते थांबवणाऱ्या नसबंदीत भूल देऊन अंडाशय आणि गर्भाशय काढतात, नंतर काही दिवस टाके जपावे लागतात. गरीब घराला शस्त्रक्रियेइतकीच जड जाते ती बुडालेली मजुरी आणि वाटखर्च. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव कुत्र्यांचे लसीकरण व नसबंदी मालकावर सोपवली. ऐपत मात्र नियमाने येत नाही. म्हणून नसबंदी-लसीकरणाचे शिबिर गावातच हवे, तेही फुकट.

प्रश्न एका घरापुरता नाही. रेबीज माणसाला मारतो. कुत्र्यांचा डिस्टेंपर रानातही शिरतो: १९९४ मध्ये सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह त्याने गेले. ताडोब्याचे वाघही विदर्भाच्या याच वनपट्ट्यातले.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२ आहे. तो पाड्यापाड्यावर पोचवावा.