मूळ गाव

लेकीला शाळेतून प्रोजेक्ट मिळालं, 'मेरा पैतृक गाँव'. दुसरीतली पोरगी कागद घेऊन आली आणि आपल्या खास इंदुरी मराठीत म्हणाली, "बाबा, आपण तर इंदूरचे आहोत, मग चांदोरकर क्यों?"

मी काही बोलायच्या आत माझे वडील, अण्णा, म्हणाले, "कारण आपण मूळचे चांदोरचे. म्हणजे आत्ताचं चांदवड, नाशिक जिल्ह्यातलं. आपले पूर्वज होळकरांबरोबर इकडे आले."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. गंमत म्हणजे वयाची 71 वर्षं झाली तरी अण्णा स्वतः चांदवडला एकदाही गेलेले नव्हते. मी इंजिनिअर माणूस, पुरावा मागायची सवय. बोलून गेलो, "अण्णा, गोव्यातही एक चांदोर आहे. आपण तिथले नाही कशावरून?"

अण्णांनी पेपर तोंडासमोर धरला. पुढचे दोन दिवस आमचं बोलणं कामापुरतंच झालं.

खरं सांगायचं तर हे आडनाव मला कधी फारसं आपलं वाटलं नव्हतं. इंदूरच्या शाळेत मी 'महाराष्ट्रियन' होतो. बी.ई. झाल्यावर पुण्यात चार वर्षं नोकरी केली, तिथे माझी हिंदीमिश्रित मराठी ऐकून टीममधले मला 'इंदूरकर' म्हणायचे. चेष्टाच होती, पण लागायची.

अण्णांचा अबोला चालू असताना मी आडनावांबद्दल वाचायला बसलो आणि त्या चेष्टेचा अर्थ लागला. सुरुवात आपल्या राजवाड्यापासूनच करा. मल्हारराव 1693 साली नीरा नदीकाठच्या होळ गावी जन्मले. वडील गेल्यावर आई त्यांना घेऊन खानदेशात तळोद्याला भावाकडे आली. ते वाढले तळोद्याला, राज्य उभं केलं माळव्यात आणि आडनाव राहिलं होळचं. लतादीदींचा जन्म 1929 सालचा, आपल्या इंदूरचाच. आडनाव मात्र गोव्यातल्या मंगेशीचं.

इंग्रजांचीही तीच कथा आहे. त्यांच्याकडे 1066 च्या नॉर्मन स्वारीनंतर हळूहळू आडनावं रूढ झाली. काहींनी आपल्या जमीनदारीच्या गावाचं नाव लावलं, तर काही जण गाव सोडून दुसरीकडे गेले आणि तिथल्या लोकांनी त्यांना जुन्या गावाच्या नावाने ओळखलं. 'टन' म्हणजे वस्ती, 'फर्ड' म्हणजे नदीचा उतार, 'ली' म्हणजे रान तोडून केलेली मोकळी जागा. या हिशोबाने न्यूटन म्हणजे आपला नवेगावकर! ईशान्य इंग्लंडमधल्या वॉशिंग्टन गावावरून एका घराण्याचं आडनाव पडलं. पुढे त्यातली एक शाखा अमेरिकेत गेली आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यावरून तिथल्या राजधानीला नाव मिळालं. गावावरून आडनाव आणि आडनावावरून पुन्हा गाव.

तेव्हा लक्षात आलं की गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण कशाला हाक मारेल? हे नाव बहुधा गाव सुटल्यावरच चिकटतं. पुण्यात मला 'इंदूरकर' म्हणणारे नकळत तेच जुनं काम करत होते.

तिसऱ्या दिवशी मी अण्णांना म्हटलं, "चला, बघून येऊ." डिसेंबरात गाडी काढली. आपला एबी रोड म्हणजे आग्रा-मुंबई रस्ता. तोच धरून सेंधवा, धुळे, मालेगाव करत साडेतीनशेएक किलोमीटरवर चांदवड. ज्या रस्त्यावरून मी रोज ऑफिसला जातो, तोच सरळ तिथे पोचतो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

अहिल्याबाईंनी बांधलेल्या देवळात रेणुकामातेचं दर्शन घेतलं, होळकरांचा रंगमहाल बाहेरून पाहिला. मग चहाच्या टपरीवर अण्णांनी मोठ्या उमेदीने विचारलं, "इथे चांदोरकर कोणी आहेत का हो?"

टपरीवाले काका हसले. "चांदोरकर इथं कशाला असतील आजोबा? आम्ही सगळेच चांदवडचे. चांदोरकर तुमच्याकडंच असायचे."

जे मला पुस्तकं वाचून कळलं, ते काकांनी चहा गाळता गाळता सांगितलं. अण्णा बराच वेळ गप्प होते. परतीच्या वाटेवर सेंधव्याचा घाट चढताना म्हणाले, "गोव्याचं चांदोरही बघायला हवं एकदा." मी गाडी चालवत राहिलो. ते आमचं भांडण मिटल्याचं चिन्ह होतं.

घरी आल्यावर लेक पुन्हा कागद घेऊन बसली. पैतृक गावाची जागा अजून रिकामीच होती. मी अण्णांकडे पाहिलं.

"इंदूर लिही," ते म्हणाले. "सहा पिढ्या झाल्या आता." आणि मग चष्मा पुसत पुढे म्हणाले, "आडनावाचं स्पेलिंग मात्र नीट लिही गं. तो आपला जुना पत्ता आहे."