नोटरीची साक्ष

नोटरीचा शिक्का पडला की मजकूर खरा ठरला, असा पुष्कळांचा समज असतो. तो यथार्थ नव्हे. १९५२ च्या कायद्यान्वये सरकार बहुधा अनुभवी वकिलास नोटरी नेमते. आणि सहीखाली तो इतकेच प्रमाणित करतो की, अमुक व्यक्तीने अमुक दिवशी आपणासमक्ष सही केली.

आमच्या नौपाड्यात एक गृहस्थ वृद्ध चुलतीची सही असलेले घराचे संमतिपत्र एकटेच घेऊन गेले. नोटरीने ते परत केले. शेजाऱ्यांस तो अडेलपणा वाटला. आम्हांस त्यात धर्म दिसला. साक्षात् पाहतो तोच साक्षी. न पाहता शिक्का उमटता, तर त्या माउलीचे छप्पर कोणी राखले असते?

म्हणून वाचकहो, सही घरी उरकू नये. स्वतः जावे, आणि आधी मजकूर वाचावा. त्याच्या खरेपणाचा भार आपणांवरच असतो.