मे गुस्ता एल काफे

माद्रिदमध्ये कॉफीच्या कपाभोवती हे वाक्य हमखास भेटतं: 'मे गुस्ता एल काफे'. मला कॉफी आवडते. चार शब्दांची किरकोळ अंगकाठी. पण घरात मान कुणाचा, हे त्याने पक्कं ठरवलेलं.

मान कॉफीचा. कर्ता तीच, पिणारा 'मे', म्हणजे 'मला' होऊन बाजूला उभा. इंग्रजीतून आलेला नवखा पाहुणा 'यो गुस्तो' म्हणत थेट यजमानाच्या पाटावर बसतो आणि वाक्य बिथरतं. मराठी माणसाला मात्र ते पहिल्या भेटीतच घरचा समजतं. आपल्या 'मला कॉफी आवडते'मध्येही क्रियापद कॉफीचंच ऐकतं, आपलं नाही.

स्वभाव मात्र सारखे नाहीत. आपल्याला चहा आवडतो, कॉफी आवडते, दूध आवडतं. 'गुस्ता' लिंगाकडे ढुंकूनही बघत नाही. तिकडे कॉफी पुल्लिंगी, दूध स्त्रीलिंगी, दोघांनाही 'गुस्ता'च. ते फक्त डोकी मोजतं. पुस्तकं पुष्कळ असली की 'मे गुस्तान लोस लिब्रोस'. पण गाणं आणि नाचणं अशी दोन कामं सांगा, ती ते एकातच धरतं: 'मे गुस्ता कांतार इ बाइलार'. मोजणीतला हा हट्ट मला फार लोभस वाटतो.

पोशाखाच्या बाबतीत भारी काटेकोर. 'एल'चं पागोटं चढवल्याशिवाय कॉफी चारचौघांत येत नाही. नुसतं 'मे गुस्ता काफे' स्पॅनिश कानाला खुपतं. आग्रहीही तितकंच. मारियाचं नाव घेतलं तरी 'आ मारिया ले गुस्ता एल काफे', म्हणजे 'मारियाला तिला कॉफी आवडते'. आपल्याला ते 'ले' जास्तीचं वाटतं, पण ते गाळून चालत नाही.

तरुणपणी या क्रियापदाची चाल वेगळी होती. मूळ लॅटिन 'गुस्तारे', चव घेणे. सर्व्हान्तेसची 'डॉन किहोते' ही कादंबरी १६०५ मध्ये आली, त्या काळी माणूस कर्ता होऊन 'गुस्तार दे' असं सर्रास म्हणे. आज ती रीत पुस्तकी वाटते. चव घेणारा हळूहळू मागे सरकला आणि मानाची जागा चवीला मिळाली.

माणसाबद्दल बोलताना मात्र जपून. मित्र बरा वाटला तर स्पॅनिश माणूस 'मे काएस बिएन' म्हणतो. 'मे गुस्तास' तो सहसा राखून ठेवतो. त्याचा अर्थ 'तू मला आवडतेस', आणि हे म्हणताना आपलाही आवाज खाली येतोच.