कोनता नवस हाय?

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. मूर्तिजापूरला शकुंतला रेल्वेच्या फलाटापाशी आम्ही चौघं बुटांच्या नाड्या आवळत होतो, तेवढ्यात शेळ्या घेऊन निघालेला एक म्हातारा थबकला.

‘‘कुठी चालले भाऊ?’’

‘‘अचलपूरले.’’

‘‘गाडी तं बंद हाय.’’

‘‘पायदयच चाललो, बावाजी.’’

त्यानं आमच्या पिशव्या पाहिल्या, बूट पाहिले, मास्तरचं पोट जरा जास्तच वेळ पाहिलं. मग विचारलं, ‘‘कोनता नवस हाय?’’

नवस कसला! मास्तर नुकताच निवृत्त झालेला, बँकवाल्याला डॉक्टरनं चालायला सांगितलेलं, संत्रावाल्याचा बहार तोडून झालेला आणि मी रिकामाच. पण वऱ्हाडात पायी निघायला कारण लागतं. शेगावला निघालात तर वाटेत लोक बोलावून चहा पाजतात. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीत घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराला निघालात तर सगळं शहर रस्ता मोकळा करून देतं. खिशात एसटीचे पैसे असताना पन्नाशी उलटलेली चार माणसं उगीचच चालताहेत, हे मात्र कोणाच्या पचनी पडत नाही. एका गावात तर आम्हाला ब्रॉडगेजच्या मोजणीला आलेले रेल्वेचे साहेब समजून एकानं आपला सातबाराच पुढे केला.

मूर्तिजापूर ते अचलपूर, 76 किलोमीटर. हे अंतर शकुंतला चारेक तासांत कापायची. इंजिन 1921 साली मँचेस्टरला बनलेलं, आणि इथला कापूस निघायचा तोही तिकडच्याच गिरण्यांसाठी. 1994 पर्यंत ते वाफेचं इंजिन धावलं. धावलं म्हणायचं आपलं. गार्ड उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे जायची, तो फाटक उघडून पुन्हा डब्यात चढायचा. स्वातंत्र्यानंतर बाकीच्या रेल्वे सरकारच्या झाल्या, ही पोरगी मात्र खासगी कंपनीच्याच नावावर राहिली. आता अडीच फुटी रुळांमध्ये वेडी बाभूळ माजली आहे. स्लीपरवरून चालावं तर एका ढांगेला एक स्लीपर कमी पडतो आणि दोन जास्त होतात. तासाभरात आम्ही नाद सोडला आणि कडेच्या पांदणीनं, धुऱ्याधुऱ्यानं चालू लागलो.

लाखपुरीला पूर्णेच्या काठी लक्षेश्वराच्या देवळापाशी पोचलो तेव्हा कोणाकडचे तरी रोडगे होते. गोवऱ्यांचा आर पसरलेला, त्यावर राखेनं माखलेले कणकेचे गोळे. एक बाप्या रोडगा फडक्यात घेऊन राख झटकायचा, मुठीनं फोडायचा आणि आत तुपाची धार सोडायचा. रोडगा उकलला की आतले पदर एकेक करून सुटायचे. सोबत वांग्याची भाजी, इतकी तिखट की बँकवाल्याच्या चष्म्यावर वाफ आली. पोराला नोकरी लागली म्हणून बोललेला नवस फेडत होते. आम्हाला नाव-गाव न विचारता पंगतीत बसवलं. रात्री सभामंडपात झोपलो. मास्तर घोरला.

तिथून पुढे खारपाणपट्टा. विहीर खणली तर पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. टपरीवरचा चहासुद्धा जिभेच्या कडेला खारट लागतो, आणि रोज पिणाऱ्याला ते कळेनासं झालेलं असतं. जमीन काळीभोर, जानेवारीतच भेगा पडलेली. पऱ्हाटी उभी होती, शेवटच्या वेच्याची कवडी बोंडांना लोंबत होती. मधूनच हरभऱ्याचं हिरवं शेत यायचं.

अशाच एका शेतात सकाळी सातला एक बाई हरभऱ्यावरून पांढरं धोतर हळूहळू ओढत होती. टोकापर्यंत गेली, परत आली आणि ते धोतर तिनं गंजात पिळलं. पिवळट पाणी, वाटीभरसुद्धा नाही. ही आंब. घाट्यांवर, पानांवर रात्रभर धरलेलं आंबट दहिवर. तिनं तळहातावर चार थेंब दिले. जिभेवर टेकवताच दात शिवशिवले. ‘‘पोट दुखलं की द्याचं,’’ म्हणाली. शेतातून आडवं गेल्यामुळे आमच्या पँटीही आंबेनं भिजल्या होत्या. संत्रावाल्याच्या पायाला आदल्या दिवशी फोड आला होता, त्याला आंब झोंबली आणि तो अशी बोंब मारून उठला की बाई हसून खालीच बसली. मग ओंजळभर सोले दिले आणि विचारलंच, ‘‘नवस हाय वाटते?’’

दर्यापुरात लॉजवर बँकवाल्यानं तोडगा काढला. ‘‘बहिरमले चाललो म्हणू. पौषात जत्रा असतेच. परतवाड्याच्या पुढे तर आहे. कोण पाहतं?’’

मास्तर भडकला. उद्या आपण अंजनगाव तालुक्यात शिरणार. शेंडगाव त्याच तालुक्यातलं, गाडगेबाबांचं जन्मगाव. त्या माणसानं 1905 साली घर सोडलं आणि हातात काठी-गाडगं घेऊन उभा जन्म चालत काढला. लोकांना सांगत फिरला, की नवस करू नका, बकरं कापू नका. ‘‘त्याच्या तालुक्यात खोटा नवस सांगत फिरायचं?’’ मास्तरनं तीस वर्षं शाळेत बाबांचं चरित्र शिकवलं होतं. त्याला गप्प करणं सोपं नव्हतं, पण आम्ही तिघं होतो.

आणि बहिरमचं नाव काढताच सगळं सुरळीत झालं. ‘‘हो का! जा जा!’’ लोक पाण्याची कॅन उघडून द्यायचे, खाट टाकायचे. उत्तरेला दोन दिवस नुसती धुरकट रेघ असलेल्या सातपुड्याला आता घड्या दिसू लागल्या होत्या.

कापूसतळणीच्या अलीकडे निंबाखाली एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत होती. बहिरम ऐकून तिनं पदराची गाठ सोडली. दहाची चुरगळलेली नोट निघाली, मग कनवटीचा एक रुपया. ‘‘सुनीचे दिवस भरत आले. पह्यलं गेलं पोटातच. बहिरमबुवाले सांगजा, पोरगी होवो का पोरगं, पुढल्या सालाले मी रोडगे घेऊन येतो.’’ तिनं ते अकरा रुपये नेमके मास्तरच्या हातात ठेवले. त्याचं वय, टक्कल आणि गळ्यातला पंचा पाहून ठेवले असावेत.

पुढे तासभर कोणी कोणाशी बोललं नाही.

अंजनगाव सुर्जीला पानमळ्यात शिरताना मालकानं बूट काढायला लावले. आत थंडगार हिरवा अंधार. वेलींवर पानपिंपळी लटकलेली, हिरव्या तुतीसारखी. 30 डिसेंबर 1803 ला दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला तो याच गावात, पंधराच दिवसांआधी गाविलगड पडल्यावर. एरवी मास्तरनं यावर अर्धा तास घेतला असता. त्या दिवशी दोन वाक्यांत उरकलं आणि खिसा चाचपला.

चौथ्या दिवशी पथ्रोटवरून संध्याकाळी अचलपूर गाठलं. ठरलेली वाट इथं संपत होती. घरी फोन झाले होते, बँकवाल्याचं परतीचं बोलणंही सुरू होतं. मास्तर म्हणाला, ‘‘तुम्ही जा. मी उद्या पुढे जातो. पायी.’’

गेलो चौघंही. बैतूलच्या रस्त्याला डोंगराच्या पायथ्याशी जत्रा भरली होती. आकाशपाळणे, घोंगड्या, हंडीतल्या मटणाचा वास. वर लोण्या-शेंदरानं लिंपलेली बहिरमबुवाची अवाढव्य मूर्ती. नवसाच्या नावानं आयुष्यभर नाक मुरडलेला मास्तर रांगेत उभा राहिला. अकरा रुपये ठेवले, हात जोडले आणि मागची माणसं ढकलेपर्यंत काहीतरी पुटपुटत राहिला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, ‘‘काय सांगितलंस?’’

‘‘तिनं सांगितलं तेच.’’ त्यानं पंच्यानं तोंड पुसलं. ‘‘पण कोणाच्या वतीनं ते सांगताच येईना रे. नावच विचारलं नाही आपण. कापूसतळणीच्या अलीकडची, निंबाखाली बसते ती, एवढंच म्हणालो.’’